फोनचे अपडेट: लगेच घ्यावे, थांबून घ्यावे की टाळावे?

अँड्रॉइड फोनच्या सिस्टम अपडेटबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मेनूतली नावे कंपनीगणिक थोडी बदलतात. एखादी गोष्ट सापडली नाही तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत ‘अपडेट’ टाइप करा, जागा लगेच मिळेल.

फोन उत्तम चाललाय. आमच्या गावातला मोबाइलवाला म्हणतो, ‘अपडेट घेऊ नका, घेतलं की फोन स्लो होतो.’ त्याचे ऐकावे का? – एक वाचक, विटा (जि. सांगली)

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. फोनवर ‘अपडेट’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि घोळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट सुरक्षा पॅच. हा आकाराने लहान असतो, बहुधा काहीशे एमबीचा. फोनचे रूप तो बदलत नाही, फक्त सापडलेली भगदाडे बुजवतो. दुसरी गोष्ट आवृत्तीची उडी, म्हणजे अँड्रॉइड १४ वरून १५ किंवा १५ वरून १६. यात मेनू बदलतात, ॲप्सना नव्या सिस्टमशी जुळवून घ्यावे लागते आणि कमी रॅमच्या जुन्या फोनवर थोडा जडपणा खरोखर येऊ शकतो. तिसरी गोष्ट ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’. अँड्रॉइड १० पासून सिस्टमचे काही भाग गूगल थेट दुरुस्त करते. हे अपडेट लहान असते आणि फोन एकदा बंद-चालू केला की लागू होते.

मोबाइलवाल्याची तक्रार दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे आणि लोक ती पहिल्यालाही लावतात. ‘मी भलत्या लिंकवर बोट लावतच नाही, मला काय होणार’ हेही पुरेसे नाही. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यात नुसता एक एमएमएस फोनवर येऊन पडणे हल्ल्याला पुरेसे होते. त्यानंतरच, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दरमहा सुरक्षा पत्रक काढायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्लूटूथमधली एक त्रुटी बुजवली गेली. अँड्रॉइड ८ आणि ९ च्या फोनचे ब्लूटूथ चालू असले, तर जवळपासचा माणूस मालकाने काहीही न करता आत शिरू शकत होता.

म्हणून आमचे मत असे: सुरक्षा पॅच आला की आठवडाभरात घ्या. आवृत्तीची उडी असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. काही मोठे बिघाड असतील तर तेवढ्यात बोभाटा होतो आणि कंपनी दुरुस्तीचे छोटे अपडेट सोडते. तुमचा फोन सध्या कुठवर आला आहे ते ‘फोनबद्दल’मध्ये अँड्रॉइड आवृत्ती किंवा सॉफ्टवेअर माहितीवर टिचकी मारली की दिसते. तिथे सुरक्षा पॅचची तारीख असते, शेवट बहुधा १ किंवा ५ तारखेचा. ती चार-सहा महिने मागे असेल तर ‘अपडेट तपासा’ स्वतःहून दाबा, कारण सूचना कधी कधी येतच नाही. स्वस्त आणि जुन्या फोनना कंपन्या दर तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा पॅच देतात, तेव्हा थोडी मागची तारीख पाहून घाबरू नका.

अपडेट अडीच जीबीचे आहे. माझा रोजचा डेटा दीड जीबी. घरी वायफाय नाही. फोनमध्ये जागाही साडेतीन जीबीच उरली आहे. – एक वाचिका, आजरा

आधी जागेचे पाहू, कारण अपडेट अडण्याचे सर्वांत सामान्य कारण तेच. अडीच जीबीची फाइल उतरवायची आणि ती उलगडून बसवायची म्हटले की साधारण दुप्पट, शक्यतो ६ ते ८ जीबी मोकळी हवी. काही फोन ‘जागा अपुरी’ असे स्वच्छ सांगतात. काही मात्र ९० टक्क्यांवर येऊन ‘अपडेट अयशस्वी’ एवढेच म्हणतात.

जागा करायला आधी व्हॉट्सॲप उघडा. सेटिंग्ज, मग स्टोरेज आणि डेटा, मग स्टोरेज व्यवस्थापन. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ वेगळे काढून दाखवलेले असते. सुप्रभाताच्या व्हिडिओंतूनच दोन-तीन जीबी निघतात, असा आमचा अंदाज! मग गॅलरीतली कचरापेटी रिकामी करा. पुसलेले फोटो तिथे बहुधा ३० दिवस जागा अडवून बसतात. अपडेट झाल्यावर उतरवलेली फाइल फोन स्वतःच काढून टाकतो.

आता डेटा. दिवसाचा कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्या वेगाने एक जीबी उतरायला जवळजवळ ३५ तास लागतात. तेव्हा त्या वेगाने रेटू नका. डाउनलोड थांबवून (पॉज) दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येते, पहिल्यापासून करावे लागत नाही. किंवा त्या दिवसापुरते डेटा व्हाउचर मारा. घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉटही चालतो. मात्र हॉटस्पॉट हे ‘मर्यादित डेटाचे नेटवर्क’ आहे असे ओळखून फोन मोठे डाउनलोड रोखून धरतो. तसे झाले तर वायफायच्या यादीत त्या हॉटस्पॉटच्या नावापुढचे चाक दाबा, नेटवर्क वापरात जा आणि ‘अमर्यादित माना’ निवडा.

एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन वगैरे ठिकाणच्या सार्वजनिक वायफायवर सिस्टम अपडेट उतरवायला हरकत नाही. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. मध्येच कोणी फेरफार केला तर फोन ती बसवतच नाही. तिथे बसून बँकेचे व्यवहार करू नका, एवढेच.

अपडेट घेतल्यावर फोटो, नंबर, चॅट उडतात का? आधी काय काय काढून ठेवावे? – एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

फोनच्या सेटिंग्जमधून आलेल्या अपडेटने काहीही पुसले जात नाही. भीती वेगळीच आहे. हजारात एखादा फोन अडकतो आणि सेवा केंद्रवाले पहिले वाक्य म्हणतात, ‘डेटा जाईल, चालेल ना?’ तेव्हा ‘चालेल’ म्हणता यावे म्हणून तयारी करायची.

नंबर गूगल खात्यात आहेत की फोनच्या किंवा सिमच्या मेमरीत, हे कॉन्टॅक्ट्स ॲपच्या सेटिंग्जमध्ये पाहा. फोनमध्येच असतील तर खात्यात हलवा. व्हॉट्सॲप रोज पहाटे २ वाजता फोनमध्येच एक प्रत ठेवते. फोन पुसला गेला तर तीही जाते. म्हणून चॅट बॅकअपमध्ये जाऊन गूगल खात्यावर ‘आता बॅकअप घ्या’ दाबा. ही प्रत आता तुमच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजली जाते. ती भरली असेल तर बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून ठेवा. विसरलात आणि फोन पुसला गेला, तर व्हॉट्सॲपसुद्धा ती प्रत उघडून देऊ शकत नाही.

फोटोंसाठी ओटीजी पेनड्राइव्ह, म्हणजे थेट फोनला लावता येणारा पेनड्राइव्ह, पुरतो. फाइल्स ॲपमधून डीसीआयएम नावाचे फोल्डर त्यात कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन-चार फोटो पेनड्राइव्हवरून उघडून पाहा.

आणि एक गोष्ट हमखास राहते ती म्हणजे पासवर्ड. फोन बंद-चालू झाल्यावर पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. वर्षभर फक्त अंगठा लावणारे तो विसरलेले असतात. गूगल खात्याचा पासवर्डही आठवत असायला हवा. फोन पुसण्याची वेळ आली तर अँड्रॉइड ५.१ पासूनचे फोन आधीचे खाते विचारतात आणि ते दिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मुलाने किंवा दुकानदाराने खाते काढून दिले असेल आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल, तर आधी तो बदलून घ्या. अपडेट त्यानंतर.

अपडेट चालू असताना लाइट गेली किंवा फोन बंद पडला तर तो कायमचा डेड होतो असे ऐकले. खरे का? – एक वाचक, परभणी

लाइट गेल्याने काही होत नाही, फोनला स्वतःची बॅटरी आहे. बॅटरीच संपली तर प्रश्न. बॅटरी फार उतरलेली असेल तर बहुतेक फोन इन्स्टॉल सुरूच करत नाहीत. तरी ५० टक्क्यांच्या वर चार्ज असू द्या आणि चार्जर लावून ठेवा. ज्यांचा फोन जुना आहे आणि ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, त्यांनी आधी बॅटरी बदलावी.

पुढचे उत्तर तुमच्या फोनची रचना कोणती यावर आहे. अँड्रॉइड ७ पासून गूगलने दोन कप्प्यांची पद्धत आणली. तुम्ही चालू कप्प्यावर फोन वापरत असता, नवी सिस्टम दुसऱ्या कप्प्यात लिहिली जाते आणि रीस्टार्ट केल्यावर फोन तिकडून सुरू होतो. नवी सिस्टम दोन-चार प्रयत्नांत सुरू झाली नाही तर फोन आपणहून जुन्या कप्प्यावर परततो. अशा फोनमध्ये इन्स्टॉल होताना तुम्ही फोनवर बोलूही शकता, आणि मध्येच बंद पडला तरी जुनी सिस्टम शाबूत असते. अलीकडच्या फोनमध्ये दुसरा पूर्ण कप्पा नसतो. बदल तुमच्या मोकळ्या जागेत तात्पुरते ठेवतात आणि नवी सिस्टम नीट सुरू झाल्यावर मुख्य जागी मिसळतात. मोकळ्या जागेचा आग्रह आहे तो यासाठी. रीस्टार्टनंतर दहा-पंधरा मिनिटे फोनला त्याचे काम करू द्या.

दुसरी रचना जुनी. फोन बंद होतो, काळ्या किंवा निळ्या पडद्यावर चाक फिरते, टक्के सरकतात आणि तोवर फोन वापरता येत नाही. इथे चालू सिस्टमवरच नवी लिहिली जात असते. सॅमसंगचे गॅलेक्सी एस२४ पर्यंतचे बहुतेक फोन या प्रकारचे. दोन कप्प्यांची पद्धत त्यांच्यात २०२४ च्या ए५५ पासून सुरू झाली. या पडद्यावर टक्के अडकल्यासारखे वाटले तरी पॉवर बटण दाबून धरू नका. २५ टक्क्यांवर काही मिनिटे थबकणे नेहमीचे आहे.

रात्री अपडेट लावून झोपायची सवय असेल तर एक लक्षात ठेवा. फोन पहाटे आपोआप रीस्टार्ट झाला आणि तुम्ही पिन टाकला नाही, तर फोन येतात, घड्याळाचा गजरही बहुधा वाजतो, पण व्हॉट्सॲपचे संदेश येत नाहीत आणि फोन करणाऱ्याचे नावही दिसत नाही. सिमला पिन लावलेला असेल तर फोनही येत नाहीत. घरात कोणी आजारी असेल, दवाखान्यातून फोन येण्यासारखा असेल, तर हे काम दुपारी करा.

अपडेटनंतर फोन तापतो, बॅटरी निम्म्या दिवसात उतरते. – एक विद्यार्थिनी, पुणे

दोन-तीन दिवस असे होते आणि ते बिघाडाचे लक्षण नाही. नव्या सिस्टमसाठी फोन सगळी ॲप्स आतून पुन्हा बांधून घेतो आणि फोटोंची सूची नव्याने करतो. हे काम मुख्यतः फोन चार्जिंगला आणि नुसता पडून असताना होते. म्हणून दोन रात्री तो कव्हर काढून चार्जिंगला ठेवा आणि प्ले स्टोअरमधून सगळी ॲप्स अपडेट करा.

तीन दिवसांनंतरही तसेच असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी वापर पाहा. एखादेच ॲप २०-३० टक्के खात असेल तर त्याचा ‘कॅशे’ (तात्पुरत्या फाइलींचा साठा) साफ करा. शेजारचे ‘डेटा साफ करा’ हे बटण दाबू नका. व्हॉट्सॲपवर ते दाबले तर चॅट जातात. सूचना उशिरा येत असतील तर त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध पाहा, काही फोनमध्ये अपडेटनंतर ते मूळपदावर जातात. नेटवर्क सारखे तुटत असेल तर ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ करा. फोटोंना धक्का लागत नाही, पण साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. ई-सिम वापरत असाल तर ‘ई-सिम पुसा’वर खूण करू नका.

अपडेटनंतर फोन कंपनीच्या नावावरच अडकलाय. – एक वाचक, मालेगाव

आवृत्तीची उडी असेल तर पहिल्यांदा चालू व्हायला १०-१५ मिनिटे लागू शकतात. अर्धा तास चार्जरवर ठेवून वाट पाहा. नंतर पॉवर आणि आवाज कमी करायचे बटण एकत्र १५ सेकंद दाबून धरा. काही फोनमध्ये नुसते पॉवर बटण ३० सेकंद धरावे लागते. एवढ्याने बरेच फोन सुटतात.

फोन सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर सेफ मोड वापरा, म्हणजे तुम्ही घातलेली ॲप्स बंद ठेवून फोन सुरू करा. सॅमसंगवर कंपनीचे नाव दिसताच आवाज कमी करायचे बटण धरून ठेवा. सेफ मोडमध्ये फोन नीट चालला तर दोष तुम्ही घातलेल्या एखाद्या ॲपचा आहे. लाँचर, थीम आणि क्लीनर ही पहिली संशयित. तेही नाही जमले तर रिकव्हरी, म्हणजे सिस्टम सुरू न करता उघडणारा दुरुस्तीचा मेनू: फोन बंद करून आवाज वाढवायचे आणि पॉवर बटण एकत्र धरा. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये त्या वेळी केबलने संगणकाला जोडलेला असावा लागतो. इथे बोटे जपून चालवा. ‘वाइप कॅशे पार्टिशन’ निरुपद्रवी आहे, ‘रिपेअर ॲप्स’ असेल तर तेही. पण त्याच यादीतले ‘वाइप डेटा’ सगळा फोन धुऊन काढते. दोन कप्प्यांच्या फोनमध्ये कॅशेचा पर्याय बहुधा नसतो, तो शोधत बसू नका.

पुढे अधिकृत सेवा केंद्र. कंपनीनेच पाठवलेल्या अपडेटने अडकलेला फोन वॉरंटीत असेल तर सॉफ्टवेअर पुन्हा घालायचे पैसे का घेता, असे ठणकावून विचारा. फोन पुसावा लागला तर यूपीआय ॲप पुन्हा नोंदवावे लागते आणि पहिले २४ तास पैसे पाठवण्यावर कमी मर्यादा असते. घरभाडे, फी असले काही त्या दिवसावर ठेवू नका.

सोसायटीच्या ग्रुपवर ‘अँड्रॉइड सुरक्षा अपडेट’ नावाची फाइल आली. आईने ती उघडली. – एक वाचक, डोंबिवली

सिस्टम अपडेट व्हॉट्सॲपवर, एसएमएसच्या लिंकवर किंवा वेबपानावर कधीच येत नाही. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल म्हणजे साधे ॲप. त्याने सिस्टम बदलूच शकत नाही. आरटीओ चलन, पीएम किसान, लग्नपत्रिका अशा नावांनी फिरणाऱ्या फाइलींचीच ही बहीण. तिला एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचे वाचायची, बटणे दाबायची) परवानगी हवी असते, कारण मग ओटीपी परस्पर उचलता येतो.

नुसती फाइल उतरली असेल तर पुसून टाका. ‘इन्स्टॉल’ दाबले गेले असेल तर फोन लगेच विमान मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून यूपीआय व नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिल्या तासाभरात केली तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. मग सेफ मोडमध्ये ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मधून त्याचा अधिकार आधी काढून घ्या. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. एवढे झाल्यावरही आम्ही तरी तो फोन एकदा पूर्ण पुसूनच वापरू.

प्ले स्टोअरवर ‘सॉफ्टवेअर अपडेट’ नावाची ॲप्स दिसतात, तीही सिस्टम अपडेट करू शकत नाहीत. बहुतेक जाहिराती दाखवण्यापुरती असतात.

नवी आवृत्ती आवडली नाही. जुनी परत घालता येईल का? – एक वाचक, मडगाव

सामान्य वापरात नाही. जुन्या सिस्टममधल्या भगदाडाचा फायदा कोणी घेऊ नये म्हणून फोन मागच्या आवृत्तीला नकार देतो. जिथे चालते तिथेही फोन पूर्ण पुसावा लागतो. दुकानात ‘जुने सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणणाऱ्याला, फोन डेड झाला तर भरपाई देणार का, हे लेखी विचारा.

माझा फोन अँड्रॉइड ९ वर थांबलाय, कंपनीचे अपडेट बंद. कस्टम रॉम टाकावी का? – एक वाचक, अहिल्यानगर

कस्टम रॉम म्हणजे कंपनीची नसलेली, इतरांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टम. हौस आणि दुसरा फोन असेल तर टाका. तोच फोन पैशांच्या व्यवहाराला वापरायचा असेल तर नको. कस्टम रॉमसाठी बूटलोडर (फोन सुरू करणारे, कंपनीने कुलूप लावलेले सॉफ्टवेअर) उघडावा लागतो, त्यात फोन पुसला जातो आणि नंतर बँकेची व यूपीआयची अनेक ॲप्स ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत.

तुमच्या आवृत्तीवर आता ॲप्सही साथ सोडू लागली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३९व्या आवृत्तीपासून क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागते. तेव्हा हा फोन गाणी, रेडिओ, टॉर्च एवढ्यापुरता ठेवा आणि बँकेचे ॲप त्यावरून काढा.

नवा घेताना कॅमेऱ्याच्या आधी अपडेटची वर्षे विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून या मालिकांना ७ वर्षांचे आश्वासन आहे. स्वस्त फोनमध्ये ते दोन वर्षांचेही असू शकते. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या मॉडेलची तेवढी वर्षे आधीच संपलेली असतात.

भावाच्या दुबईच्या फोनला अपडेट आले, माझ्या तशाच फोनला नाही. – एक वाचिका, नाशिक

कंपन्या आधी थोड्या फोनना अपडेट सोडतात, तक्रारी आल्या नाहीत तर संख्या वाढवतात. देशागणिक फाइलही वेगळी असते. दोन-तीन आठवडे वाट पाहा. लवकर मिळावे म्हणून फोनचा देश बदलायच्या युक्त्या करू नका, परदेशी फाइल घालून नेटवर्कचे किंवा कॉल रेकॉर्डिंगचे पर्याय बिघडल्याची उदाहरणे आहेत.

अपडेटनंतर पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. – एक वाचक, कोल्हापूर

ही रेघ सॉफ्टवेअरची नसते, अमोलेड पडद्याच्या जोडणीतला दोष असतो. आधीच कमकुवत झालेली जोडणी अपडेटच्या वेळच्या तापाने उघडी पडू शकते. फोनमधला डेटा पुसून रेघ जाणार नाही, तेव्हा तो खटाटोप करू नका. काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेल्सचे पडदे वॉरंटीनंतरही मोफत बदलून दिले आहेत. बिल घेऊन सेवा केंद्रात जा आणि तुमचे मॉडेल त्यात बसते का हे आधी विचारा. बाहेर पडदा बदललात तर ती सवलत जाते.